‘बंदुकीपेक्षा इतर कारणांनी जास्त माणसे मरतात’ हा युक्तिवाद कितपत ग्राह्य धरावा?

प्रश्न : केळापूर तालुक्यातील एक शिक्षक

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धेसाठी यंदा ‘अमेरिकेने बंदुकांवर कडक नियंत्रण आणावे’ हा विषय विद्यार्थ्यांनी स्वतःहून निवडला आहे. टेक्सासमधील युवाल्डी येथे २४ मे २०२२ रोजी एका प्राथमिक शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्या, त्या घटनेची दृश्ये या मुलांनी मोबाइलवर पाहिलेली आहेत आणि तेव्हापासून हा विषय त्यांच्या मनात घर करून आहे.

तयारी सुरू झाल्यावर विरोधी बाजूच्या एका विद्यार्थ्याने आकडे मांडले. अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीमुळे सुमारे ४८,२०० मृत्यू झाले, रस्ते अपघातांत सुमारे ४२,५००, अमली पदार्थांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक, आणि धूम्रपानामुळे तर तिथे दरवर्षी ४ लाख ८० हजारांहून जास्त माणसे मरतात असे तेथील आरोग्य यंत्रणा सांगते. मग बंदुकीचाच एवढा गाजावाजा कशासाठी, असा त्याचा सवाल होता. त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली की, सर, २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले, आपल्या गावांत औषध पिऊन माणसे जातात, सापाने जातात, तर आपण अमेरिकेच्या बंदुकीवर बोलायचेच कशाला?

वर्ग शांत झाला. मुलीचा प्रश्न रास्त होता, यात मला शंका नाही. मात्र मुलाचा युक्तिवाद आणि मुलीचा प्रश्न वरवर सारखे दिसत असले तरी एकच आहेत का, हे मला नीट उलगडायचे आहे. समाजाचे लक्ष आणि सरकारचा पैसा दोन्ही मर्यादित असतात, त्यामुळे कोणत्या कारणाने किती माणसे मरतात हे पाहणे गैर नाही. पण ‘त्याने जास्त मरतात’ असे म्हणणारा माणूस पुढे त्या जास्त मोठ्या कारणाविरुद्ध काही करताना सहसा दिसत नाही, असेही माझे निरीक्षण आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ : ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी

सर, विद्यार्थ्यांना सर्वप्रथम त्या ४८,२०० च्या आकड्याच्या आत डोकवायला सांगा. त्यातील सुमारे २७,००० मृत्यू आत्महत्यांचे आहेत, म्हणजे निम्म्याहून अधिक. खुनांची संख्या २०,००० च्या थोडी खाली आहे. शाळेत किंवा बाजारात शिरून अनेकांना मारण्याच्या ज्या घटना आपण बातम्यांत पाहतो, त्यांचा एकूण मृत्यूंतील वाटा अगदी लहान आहे. त्यामुळे मुलांच्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे ते आणि त्यांच्या वहीत जो आकडा आहे तो, या दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत.

आता आत्महत्येचा भाग घेतला की अमेरिकेची बंदूक आणि आपल्या घरातली कीटकनाशकाची बाटली एकाच ओळीत येऊन बसतात. आमच्याकडे खरिपात, विशेषतः पोळ्याच्या आगेमागे, विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. नातेवाईक बाटली फडक्यात गुंडाळून आणतात, कधी तिच्यावरचे लेबल भिजून निघून गेलेले असते, आणि नेमके कोणते औषध पोटात गेले हे वासावरून आणि लक्षणांवरून ताडावे लागते. ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातले असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, तोंडातून लाळ थांबत नाही, आणि छाती कोरडी होईपर्यंत दर काही मिनिटांनी ॲट्रोपीन हा उतारा देत बसावे लागते. यातून जे वाचतात ते दोन-चार दिवसांनी बोलायला लागतात. मरायचे म्हणून महिनाभर योजना आखली होती असे सांगणारे थोडेच असतात. घरात भांडण झाले, बँकेचा माणूस येऊन गेला, दारू चढलेली होती, आणि बाटली हाताशी होती, असे सांगणारे पुष्कळ असतात.

या क्षणिक उद्रेकाबद्दल जगभर अभ्यास झालेला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या दहा माणसांपैकी जवळपास नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणजे तो एक प्रसंग निभावला, तर बहुतेकांचे आयुष्य पुढे चालू राहते. पण बंदूक वापरली गेली तर तो प्रसंग निभावण्याची संधी उरत नाही, कारण अशा दहा प्रयत्नांतील जवळपास नऊ प्राणघातक ठरतात. म्हणूनच ‘ज्याला मरायचे तो कसाही मरेल’ हे सर्रास बोलले जाणारे वाक्य खरे नाही. ब्रिटनमध्ये घरगुती गॅसमधील विषारी कार्बन मोनॉक्साइड १९६० च्या दशकापासून कमी होत गेला आणि त्या काळात एकूण आत्महत्या सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. त्या सगळ्यांनी दुसरा मार्ग शोधला नाही. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे ४७ च्या आसपास गेले होते. त्याच वर्षी आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने अत्यंत विषारी कीटकनाशकांवर बंदी आली आणि वीस वर्षांत ते प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. भारतात २०२२ मध्ये नोंदल्या गेलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी सुमारे चतुर्थांश विषप्राशनाच्या आहेत, हे लक्षात घेतले तर हा विषय आपल्या किती जवळचा आहे ते कळेल.

तेव्हा तुमच्या विद्यार्थिनीला सांगा की अमेरिकेची बंदूक समजून घेतली तर आपल्या कोठ्यात ठेवलेली बाटलीही समजते. आणि एक विनंती अशी की, हा विषय वर्गात निघाला की कोणी ना कोणी घरच्या आठवणीने अस्वस्थ होणारच. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा, तिथे मराठीत बोलता येते.

उत्तर २ : सिंदेवाही तालुक्यातील एक वाचक

डॉक्टरसाहेबांनी मृत्यूच्या साधनाबद्दल लिहिले, मी लोकांचे लक्ष कुठे जाते त्याबद्दल लिहिते, कारण आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात त्याचा अनुभव नेहमीचा आहे.

वाघाने माणूस मारला की गावकरी रस्त्यावर उतरतात, वनाधिकारी येतात, पिंजरा लागतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. हा संताप खोटा नाही. तेंदूपत्ता किंवा मोहफुले वेचायला गेलेली बाई घरी येत नाही तेव्हा त्या घराचे काय होते ते आम्ही पाहिले आहे. पण त्याच गावात धानाच्या बांधीत रोवणी करताना कोणाला साप चावला, वाटेत मांत्रिकाकडे वेळ गेला, आणि पुढच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत प्राण गेला, तर ती बातमी होत नाही. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मेली असा अंदाज एका मोठ्या अभ्यासातून पुढे आला आहे. वाघाच्या हल्ल्यातील मृत्यू त्यापुढे फारच थोडे आहेत.

मदतीच्या रकमाही पाहा. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर आपले राज्य २५ लाख रुपये देते. शेतकरी कुटुंबातील माणूस सर्पदंशाने गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून २ लाख मिळतात. शेतकऱ्याने आत्महत्या केली आणि ती मदतीस पात्र ठरली तर १ लाख. सातबाऱ्यावर ज्याच्या घरातल्या कोणाचेच नाव नाही, त्या मजुराच्या विधवेने कोणते दार ठोठवायचे?

सरांच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की, वाघाच्या हल्ल्याला मिळणारे लक्ष कमी करून सर्पदंशाचा प्रश्न सुटणार नाही. साप जास्त माणसे मारतो म्हणून वाघाबद्दल बोलू नका, असे कोणी आमच्या गावात म्हणून दाखवावे! उलट वाघाच्या निमित्ताने प्राथमिक प्रतिसाद दले उभी राहिली, जंगलात एकट्याने जाऊ नये याचे शिक्षण झाले, मदतीची रक्कम वाढली. तेच सर्पदंशाबाबत का होऊ नये, असे विचारता येते. मुलाचा युक्तिवाद तोंड बंद करणारा आहे आणि मुलीचा प्रश्न तोंड उघडणारा आहे, हा मला दिसलेला फरक आहे. तो मुलगा सिगारेटविरुद्ध एक शब्द बोलणार नसेल तर सिगारेटने मेलेल्यांचा आकडा त्याने उसना घेऊ नये.

उत्तर ३ : मूळ वर्धा जिल्हा, सध्या मुक्काम ओहायो

येथे बरीच वर्षे राहिल्यामुळे हा वाद जवळून पाहतो आहे, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट मोटारींची. बंदुकीची तुलना मोटारीशी करणारे लोक सहसा ती अर्धीच करतात. मोटारीनेही माणसे मरतात पण मोटारींवर कोणी बंदी घालत नाही, एवढे म्हणून ते थांबतात. पुढची हकीकत अशी आहे की १९६६ मध्ये येथे वाहन सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला, अपघातांची देशभर पद्धतशीर नोंद होऊ लागली, सीटबेल्ट, एअरबॅग, रस्त्यांची रचना आणि दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धचे कायदे या सगळ्यांवर दशकानुदशके काम झाले. १९६६ च्या सुमारास वाहनांनी कापलेल्या दर १० कोटी मैलांमागे साडेपाचच्या आसपास मृत्यू होत, ते आता दीडच्या खाली आले आहेत. मोटारी कमी झाल्या नाहीत, कैक पटींनी वाढल्या.

बंदुकीच्या बाबतीत नेमके उलटे घडले. १९९६ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे येथील संसदेच्या, जे डिकी या सदस्याच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद मंजूर झाली आणि बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा निधी वापरता येणार नाही असे ठरले. शब्दशः ती प्रचारावरची बंदी होती, परंतु त्याच वेळी संशोधनावर खर्च होत असलेली सुमारे २६ लाख डॉलरची रक्कमही काढून घेतली गेली आणि धाकाने संशोधनच थांबल्यासारखे झाले. दोन दशकांहून अधिक काळ गेल्यावर २०१९ च्या अखेरीस काँग्रेसने या कामासाठी पुन्हा २.५ कोटी डॉलर मंजूर केले. स्वतः डिकी यांनीही २०१२ मध्ये, ज्यांच्याशी त्यांचा पूर्वी संघर्ष झाला होता त्या संशोधकासोबत लेख लिहून, मोटार अपघातांप्रमाणे बंदुकीच्या मृत्यूंवरही संशोधन व्हायला हवे अशी भूमिका घेतली. मृत्यू मोजायचे थांबवले की ‘उपाय चालत नाही’ असे म्हणणे सोपे होते, हे मला या सगळ्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

मोजणीचे मोल आपल्या विदर्भाला नवीन नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावोगावचे बालमृत्यू स्वतः मोजले, गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले, आणि तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी ‘मुले मरतातच’ असेच म्हटले जात होते.

दुसरी गोष्ट हक्काची. सिगारेट ओढण्याचा किंवा गाडी चालवण्याचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेत लिहिलेला नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ मधील दुसऱ्या दुरुस्तीत आहे, आणि तो व्यक्तीचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना ही सरकारने दिलेली सवलत असते, २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि निवडणूक आली की परवानाधारकाला बंदूक ठाण्यात जमा करायला सांगितले जाते. येथे असे कोणी नुसते सुचवले तरी वादळ उठेल. त्यामुळे विरोधी बाजूच्या विद्यार्थ्याला प्रामाणिकपणे बोलायचे असेल तर त्याने हक्काचा मुद्दा मांडावा. तो वजनदार आहे, त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते, आणि त्यासाठी मेलेल्यांची दुसऱ्या मेलेल्यांशी तुलना करावी लागत नाही.

अनुकूल बाजूसाठी एक सूचना. येथील एक ते एकोणीस वर्षे वयोगटात २०२० पासून मृत्यूचे पहिले कारण बंदूक हे आहे, त्याआधी मोटार अपघात होते. हे विधान खरे आहे, पण त्यात अठरा-एकोणीस वर्षांची मुलेही येतात, तान्ही बाळे येत नाहीत. वयोगट सांगूनच ते वापरावे, नाहीतर पहिल्याच प्रतिप्रश्नात वक्ता अडखळेल.

उत्तर ४ : कृषी सेवा केंद्र चालक, वणी तालुका

येथे सगळ्यांनी औषधाच्या बाटलीला बंदुकीच्या रांगेत बसवले, म्हणून विक्रेत्याची बाजूही मांडावीशी वाटते. शेतकरी माझ्या दुकानातून औषध नेतो ते बोंडअळीपासून, तुडतुड्यांपासून पीक वाचवण्यासाठी. पीक गेले तर कर्ज वाढते, आणि कर्ज वाढले तर पुढे काय होते ते या भागात कोणाला सांगायला नको. बंदुकीने कपाशी पिकत नाही. हा फरक विद्यार्थ्यांसमोर ठेवलाच पाहिजे.

२०१७ च्या हंगामात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, हवेत दमटपणा होता, वारा पडलेला होता. मजूर पाठीवर पंप घेऊन त्या दाट पिकात शिरत, तुषार थेट तोंडावर येई. हातमोजे नाहीत, तोंडाला दुपट्टा, आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. मजुरीच्या दिवसात जास्त टाक्या मारायच्या म्हणून कोणी मधे थांबत नव्हते. डब्यावरचा लाल त्रिकोण अत्यंत विषारी असल्याची खूण असतो, पण तो ज्याने पाहायला हवा त्या मजुराच्या हातात डबा क्वचितच येतो, त्याला धुऱ्यावर कालवलेले पाणीच मिळते. हे मृत्यू बंदी घालून टळले असते की योग्य वेळी योग्य शिक्षणाने, याचे उत्तर मला एका शब्दात देता येत नाही.

बंदीबद्दल माझी भीती वेगळी आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली, आणि ती उठवताना अवैध दारूचेच कारण पुढे केले गेले. आमच्या धंद्यात बनावट आणि बिनबिलाच्या औषधांचा सुळसुळाट आधीच आहे. परवानाधारक दुकानातून एखादे औषध बंद झाले की तेच लेबल बदलून मोटारसायकलवरून गावात येते आणि त्यात काय भरलेले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्यापेक्षा प्रत्येक घराला कुलपाची पेटी द्या, चावी घरातल्या समजूतदार माणसाकडे ठेवा. बंदुकीसाठीही अमेरिकेत तसेच सांगतात असे वाचले आहे.

उत्तर ५ : ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी

भाऊ, तुमचा पहिला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. कीटकनाशक उपयोगाची वस्तू आहे आणि म्हणूनच ‘सगळी औषधे बंद करा’ असे कोणी म्हणत नाही. प्रश्न मूठभर अतिविषारी औषधांचा आहे. श्रीलंकेत अशा औषधांवर बंदी आल्यानंतर पिकांचे उत्पादन घसरल्याचे अभ्यासांत दिसले नाही, कारण कमी विषारी पर्याय उपलब्ध होते. केरळनेही २०११ मध्ये असा निर्णय घेतला. आपल्या देशात मोनोक्रोटोफॉस, ज्याने २०१३ मध्ये बिहारमधील सारण (छपरा) जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून २३ मुलांचा जीव घेतला, त्याच्या नेहमी विकल्या जाणाऱ्या ३६ टक्के द्रावणावर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदी आणली. दहा वर्षे लागली. तणनाशक म्हणून विकले जाणारे पॅराक्वाट मात्र अजून मिळते आणि त्याच्यावर उतारा नाही. तो रुग्ण शुद्धीवर असतो, बोलतो, मला जगायचे आहे असे सांगतो, आणि आम्हाला ठाऊक असते की त्याची फुप्फुसे दिवसागणिक निकामी होत जाणार आहेत. ज्या डॉक्टरने हे एकदा पाहिले, त्याला पॅराक्वाटबद्दल तटस्थ राहणे कठीण जाते.

पेटीची सूचना चांगल्या हेतूची आहे आणि मलाही ती एकेकाळी पटत असे. परंतु तिची परीक्षा झालेली आहे. श्रीलंकेतच १८० गावांत, पन्नास हजारांहून अधिक घरांना सामावून घेणारा प्रयोग झाला, अर्ध्या गावांना कुलपाच्या पेट्या दिल्या गेल्या, आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला की विषप्राशनाच्या घटना पेटीमुळे कमी झाल्या नाहीत. ज्या माणसाच्या मनात त्या रात्री तो विचार येतो, तोच बहुधा घरातला कर्ता असतो आणि चावी त्याच्याच करगोट्याला असते. लहान मुलांच्या अपघातांसाठी पेटीचा उपयोग असू शकेल, कर्त्या पुरुषासाठी नाही. अमेरिकेतही कुलूपबंद बंदुकीचा फायदा प्रामुख्याने घरातील मुलांना होतो असे अभ्यास सांगतात, तिथेही बंदुकीचा मालकच कुलपाचा मालक असतो.

दारूबंदीचे उदाहरण मात्र येथे लागू होईल असे मला वाटत नाही. दारूची सवय लागते, तिच्यासाठी माणूस चार कोस चालत जातो. कीटकनाशकाची ओढ कोणाला नसते. पीक वाचले की शेतकऱ्याला नावाशी देणेघेणे नसते, तुम्ही काउंटरवरून जे पुढे कराल ते तो नेतो. बनावट मालाची तुमची भीती खरी आहे, आणि त्याबद्दल तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तुम्हीच बोलू शकता, आमच्या बोलण्याला तिथे तेवढे वजन नाही. पुढच्या खरिपाची मागणी नोंदवताना लाल त्रिकोणाची कोणती औषधे कमी विषारी पर्यायाने बदलता येतील, याची यादी तुम्ही तुमच्या अनुभवावरून करून दिली, तर आमच्या रुग्णालयात कोणत्या औषधाचे किती रुग्ण आले याचा नावे वगळलेला गोषवारा वरिष्ठांच्या परवानगीने मी तिच्याशेजारी ठेवायला तयार आहे. सरांच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला हे काम पाहायचे असेल तर त्यांनाही पाठवावे.